मुकादमांची चाल

मुकादमांच्या घराण्यात तीन पिढ्या चपला पुढून झिजत आल्या आणि तिन्ही पिढ्यांनी दोष चपलांना दिला. म्हसळ्याला, गावी, नवी चप्पल आली की पायात जाण्याआधी ती मोच्याकडे जायची, अंगठ्याखाली टायरचा तुकडा ठोकून घ्यायला. आजोबा पन्नाशीत काठी टेकत ताठ चालू लागले, तेव्हा गावानं त्याला रुबाब म्हटलं. सोयरीक जमवताना हा रुबाब जमेच्या बाजूला धरत.

सुलेमान मुकादम साठीला कामोठ्याच्या फ्लॅटपासून लिफ्टपर्यंत तीनदा अडखळले आणि डॉक्टरांकडे गेले. सवयीनं चप्पल दाखवली.

"चप्पल उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. सुलेमानभाईंनी तीस वर्षं कळंबोलीहून ट्रक सोडले होते, म्हणून डॉक्टरांनी तशाच भाषेत समजावलं. "मेंदूतून कण्यात उतरणारे धागे असतात. पायांचे सगळ्यांत लांब. धाग्याच्या आत वाटा, वाटेवर माल वाहणारी इवली प्रथिनं. तुमची ती प्रथिनंच अधू आहेत. जवळचा माल पोचतो, टोकाला पोचत नाही. म्हणून पाय ताठरतात."

"मग गाडी बदला."

"अजून कुणाला जमलेलं नाही. व्यायाम करा, ताठरपणाची गोळी देतो. हे वडिलांकडून आलंय. प्रत्येक मुलाला जायची शक्यता निम्मी."

मूल एकच होतं. नूरीन, वय सव्वीस, बेलापुरात वकिलाच्या ऑफिसात नोकरी, झैदशी लग्न ठरलेलं. तिनं कुणाला न विचारता तपासणीसाठी रक्त दिलं आणि जेवताना सांगून टाकलं. रिपोर्ट शनिवारी, साखरपुडा रविवारी.

त्यानंतर घरात कुणी धड बसेना. सुलेमानभाई हॉलमध्ये फेऱ्या मारत. बायको नफिसा, मुलगी घरी आली रे आली की तिच्या सँडलचे तळवे उलटून बघे. एकदा नूरीननं पकडलं.

"अम्मी, झिजलीत का?"

"धूळ झटकत होते." नफिसानं खरंच झटकली. मग म्हणाली, "रिपोर्ट सोमवारी आणू. आधी साखर, मग कागद."

"मग झैदला काय सांगू? विकलेला माल परत घेत नाही?"

"तुज्या अब्बांना तर मी न तपासताच घेतलं."

"म्हणूनच सांगते, त्याला तपासू दे."

सुलेमानभाई फेरीतून थांबले. "पोरीला बोलू नको. चूक माजी हाय."

"अब्बा, तुमी बसा आधी. पायाला त्रास होतो."

ते बसले, आणि लगेच उठले.

शनिवारी अकराच्या भेटीला तिघंही साडेनऊलाच बेलापूरच्या दवाखान्यात हजर. समुपदेशक सुनीतीताईंनी नूरीनला एकटीला आत बोलावलं. सुलेमानभाईंनी दारापर्यंत जाऊन विचारलं, "बापाला नाय चालत?"

"रिपोर्ट तिचा आहे, काका."

आत सुनीतीताई म्हणाल्या, "अजूनही नको म्हणालीस तर चालेल."

"नको म्हटलं तर घरी फेऱ्या थांबणार नाहीत. सांगा."

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. "आहे. कधी सुरू होईल, किती होईल, ते त्यांनाही सांगता येत नाही."

नफिसानं पर्समध्ये रुमाल शोधला. रुमाल हातातच होता. सुलेमानभाई म्हणाले, "माफ कर गं."

"तुमी काय मुद्दाम पाठवलंत?" नूरीन म्हणाली. मग तिनं मोबाईल काढला. "झैदशी मी बोलणार. आत्ता, रस्त्यात. तुमी दोघं पुढे चाला आणि मागे बघायचं नाही. माझ्या पायांकडे तर नाहीच."

"उद्या हॉलचं बुकिंग..." नफिसा पुटपुटली.

"तो काय म्हणतो ते ऐकू दे आधी."

दोघं पुढे निघाली. नफिसानं सुलेमानभाईंची मान हातानं सरळ धरली. पण त्यांना भरभर चालता येईना, अंतर काही वाढेना, आणि आईबापांना ऐकू जाऊ नये म्हणून नूरीनला दर चार पावलांवर थांबावं लागत होतं. पलीकडे रिंग वाजतच होती.