दुरुस्तीला अकरा मिनिटे

लष्कराच्या ट्रकांची देखभाल एका खासगी कंपनीकडे होती आणि करार मोठा पुढारलेला होता. वहीत तक्रार नोंदली की घड्याळ सुरू, ट्रक दुरुस्त झाला की बंद. मधला वेळ जितका कमी, तितकी कंपनी यशस्वी. हे यश मोजणे हीच लष्कराच्या हिशेब कचेरीतल्या बाईंची नोकरी. पाच वर्षांची सरासरी निघाली होती अकरा मिनिटे. अहवालात 'नमुनेदार' हा शब्द साहेबांनी स्वतःच्या हाताने घातला होता. आता फक्त बाईंची सही राहिली होती.

सकाळी चहा ओतताना त्यांनी हे कौतुकाने धाकट्या भावाला सांगितले. तो त्याच तळावर ट्रक चालवायचा.

"अकरा मिनिटं?" तो हसला. "ताई, तेवढ्यात आमच्या फोरमनला चष्मासुद्धा सापडत नाही."

"मग वहीत कसं येतं?"

"तक्रार लिहायची ती ट्रक दुरुस्त झाल्यावर. पद्धतच आहे तशी. आधी कुणी पेन उचललं की फोरमन ओरडतो, 'का रे, चांगल्या गाडीला नाट लावतोस?'"

"आणि तुझा ट्रक?"

"तीन आठवडे झाले, ब्रेक लागत नाहीत. कागदावर ठणठणीत. म्हणून तर उद्या डोंगरातल्या फेरीला लावलाय."

"मग नाही म्हण की!"

"म्हटलं. म्हणाले, तक्रार दाखव."

बाईंचा चहा निवला. इतकी वर्षे त्यांनी वही तपासली होती, सरासरी तपासली होती. ट्रकखाली वाकून कधी पाहिले नव्हते.

दुपारी त्या वर्कशॉपमध्ये गेल्या. भावाच्या ट्रकखाली वाकल्या, उठल्या आणि वहीत लिहिले: ब्रेक निकामी. तारीख घातली, वेळ घातली.

फोरमनला चष्मा लगेच सापडला. "अहो मॅडम, घड्याळ सुरू झालं ना! पाच वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत."

"फिरू द्या. अहवालावर माझी सही होणार नाही."

"नका करू. फेरी काही थांबत नाही." त्याने फळ्यावरचा भावाच्या ट्रकचा नंबर पुसला आणि शेजारच्याचा लिहिला. "हा उपलब्ध आहे. याची तक्रार नाही."

त्या ट्रकचा चालक दारातच उभा होता. तोही कुणाचा तरी धाकटा असणार.

भाऊ सुटला होता. बाईंना घरी जायला हरकत नव्हती. त्यांनी स्टूल ओढले, त्याच पानावर खाली आणखी एक ओळ आखली आणि पेन त्या चालकापुढे धरले.

"बोला दादा, तुमच्या ट्रकला काय होतंय?"