परत न गेलेला डबा

मित्रांनो, मी तीन कप्प्यांचा एक जुना पितळी डबा आहे. मला घडवणारा तांबट म्हणाला होता, "दोन पिढ्या मरण नाही याला." फक्त माझी कडी ढिली राहिली. त्यामुळे नागपुरात लोधीपुऱ्यातल्या सुलभाबाईंच्या घरून मी इतवाऱ्यात कोकिळाबाईंकडे निघालो, की माझा खडखडाट चार घरं आधीच ऐकू जाई. सगळं नेहमीसारखं असलेला शेवटचा दिवस मला त्या आवाजासकट आठवतो.

त्या दिवशीही सुलभाबाईंनी मला कोकिळाबाईंच्या खाटेजवळ ठेवलं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. कोकिळाबाईंना मांडीच्या स्नायूंचा कर्करोग झाला होता, लाखांत एखाद्याला होणारा. यावर औषध नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नातेवाईक आले, हळहळले आणि हळूहळू यायचे थांबले. सुलभाबाई मात्र सात महिने रोज येत होत्या.

"राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण ही बाई काही खाटेवरून हलत नाही," त्या म्हणाल्या.

"तुझा डबा वाजला की हलते की."

"खिचडी आहे. नावं ठेव, पण खा."

"मीठ विसरलीस, सुलू."

"चाखलीस ना? त्यासाठीच विसरले."

कोकिळाबाईंनी दोनच घास खाल्ले, पण खुदकन हसल्या. दारात उभ्या असलेल्या शोभाला, त्यांच्या मुलीला, ते हसू टोचलं. सासर सोडून ती पाच महिने आईचं सगळं करत होती. तिच्यासमोर आई फक्त डोळे मिटून पडत असे.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सुलभाबाई हात धुवायला बाहेर गेल्या, तेव्हा कोकिळाबाईंनी उशाच्या बरणीतली मूठभर साखर माझ्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि कडी लावली. हे शोभानं पाहिलं नाही. ती सुलभाबाईंच्या मागोमाग अंगणात गेली होती.

"मावशी, उद्यापासून नका येऊ," ती हळू आवाजात म्हणत होती. "तुम्ही गेलात की आई थकून पडते."

सुलभाबाईंनी ओले हात पुसले. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या आणि तशाच निघून गेल्या. मी खाटेजवळच राहिलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून कोकिळाबाईंची नजर दाराकडे होती.

"सुलू नाही आली?"

"त्यांना ताप आलाय," शोभा म्हणाली.

शेजारी कुणाची तरी बादली वाजली. कोकिळाबाईंनी मान उचलली. "डबा वाजला का गं?"

मी तर हाताच्या अंतरावर होतो. वाजावं कसं, तेवढं मला येत नव्हतं. दुपारी त्या गेल्या.

सुलभाबाई आल्या, गर्दीत मागे उभ्या राहिल्या आणि मला न मागताच परतल्या. सुतक असेपर्यंत मला साखर घालून धाडता येईना, आणि रिकामा धाडणं शोभाच्या हातून होईना. सुतक फिटलं, तरी तिचं पाऊल लोधीपुऱ्याकडे वळलं नाही. मला तिनं फळीवर सारलं. शेजारची भांडी रोज घासली जात, लखलखत. मी काळा पडत गेलो. पोटात साखर होती आणि मला तोंड नव्हतं. पाच महिने मी असाच पडून होतो; अशी तगमग मी कधी भोगली नव्हती.

सासरी परत जाण्याच्या आदल्या दिवशी शोभानं मला खाली काढलं. चिंच भिजवली. घासण्यासाठी एकेक कप्पा उघडला. खालच्या कप्प्यात साखरेचं ढेकूळ झालं होतं, वाटीच्या आकाराचं. ती साखर आईनंच ठेवलेली, हे तिनं ओळखलं. मग मला न घासताच उचललं आणि भर उन्हात चालू लागली. अर्ध्या वाटेपर्यंत तिनं माझी कडी घट्ट धरली होती, मी वाजू नये म्हणून. पुढे ती सोडून दिली.

मित्रांनो, कुणाचं भांडं घरी राहिलं असेल, तर वेळेवर नेऊन द्या. पितळेवरचा डाग चिंचेनं निघतो, पण माझी वाट पाहणारी एक बाई आता नाही.

शोभानं दार वाजवण्याआधीच सुलभाबाई उंबऱ्यावर आल्या होत्या. तिनं मला त्यांच्या हातात दिलं.

"मावशी, खाली आईनं ठेवलेली साखर आहे. शेवटच्या दिवशी ती तुमचीच वाट बघत होती. मी सांगितलं, तुम्हाला ताप आलाय. तुमच्यामुळे ती थकत नव्हती, मावशी. ती हसायची. मला ते बघवत नव्हतं."