भोकावरचं फूल

"अम्मी, काय झालं? आवं, पोर रडतीया!" शाझिया ओरडली.

शाहजादीने दोन महिन्यांच्या नातीखालचे निळे दुपटे हिसकून काढले होते आणि ती त्याकडे नुसती बघत उभी होती. मऊ, कागदासारखे हलके कापड. मधोमध सुनेने, शाझियाने, हौसेने गुलाबी चिंधीचे फूल शिवले होते.

"हे फूल कशापायी लावलंस?"

"मधी गोल भोक व्हतं. बाजारात चिंध्यावाल्याकडं घावलं. लय मऊ हाय, म्हून..."

शाहजादीने कापड ओळखले. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत आया म्हणून तिची बावीस वर्षे गेली होती. तिथे ही निळी चादर पेशंटच्या अंगावर पसरायची, भोकाच्या जागी पोट उघडायचे आणि काम झाले की रक्ताळलेलीच टाकून द्यायची. पूर्वी हिरवी सुती कापडे असत. ती धुणे, जंतू मारायला वाफेवर शिजवणे, ठिगळे लावणे सगळे तिच्याच गळ्यात. गेल्या वर्षी, शहाण्णवच्या दिवाळीत ही निळी आली तेव्हा सुटले बाई, असे तिलाच सगळ्यांत जास्त वाटले होते. वापरलेल्या चादरींची पोती दवाखान्यामागच्या खड्ड्यात तीच टाकायची. पुढे त्यांचे काय होते, हे तिने वर्षभरात एकदाही विचारले नव्हते.

"पोरीला अंघोळ घाल. आत्ताच्या आत्ता," ती कशीबशी म्हणाली.

सकाळी दवाखान्यात तिने ते दुपटे डॉक्टर देवदत्तांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"हे आपल्याकडचं? मावशी, हे जाळतात ना?"

"कोन जाळतंय, सायेब? म्या टाकते, लोक उचलत्यात. माझ्या नातीच्या अंगाखाली घावलं." तिने दुपटे पुढे सरकवले. "हिरवी कापडं परत वापरायला काढा. म्या धुते."

"या वयात झेपेल?"

"न झेपून सांगू कुणाला?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी उरलेल्या निळ्या चादरी कुलपात टाकल्या. पण बाहेर गेलेल्या चादरींचे काय?

संध्याकाळी ती बाजारातून घरी निघाली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन वांगी निवडत होती. लेकराच्या पाठीवर निळे कापड होते आणि मधले भोक टाके घालून मिटवलेले होते.

शाहजादीने डोक्यावरची पांढरी ओढणी ओढून काढली. भर बाजारात तिचे डोके आजवर कधी उघडे पडले नव्हते.

"बाई, हे घे. सुती हाय, कालच धुतलंय. ते मला दे."

"आवं, काय करताय तुमी?" बाईने लेकराला घट्ट धरले आणि ती दोन पावले मागे सरकली. शाहजादी ओढणी पुढे करून तशीच उभी राहिली.