अर्ध्या मिलिमीटरचं लाकूड

“थांबा! हात उचला आधी!” पॉलिशचा डबा घेऊन आलेले सुतारमिस्त्री दारातूनच ओरडले.

मीटरकाकांनी हात उचलला. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेतलं तपकिरी लाकूड नाहीसं झालं होतं आणि खालून पांढुरकं, भुसभुशीत काहीतरी वर आलं होतं.

एकतीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलेलं. पेन्सिल सोडून दुसरं हत्यार त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. बायको दर सुट्टीला म्हणायची, “अहो, टेबलाला एकदा पॉलिश करू या ना.” ते म्हणायचे, “बघू.” ती जाऊन चार महिने झाले, तेव्हा कुठे बघायला सवड मिळाली होती.

“घासायला कितीचा सँडपेपर घेतलात?”

“ऐंशी नंबरचा. दुकानदार म्हणाला, झटपट निघेल.”

“निघालं की! त्यानं दरवाजे घासतात, मीटरसाहेब. इथं वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, व्हिनिअर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली सगळ्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या.”

“कसलं व्हिनिअर? अखंड लाकूड आहे हे.”

मिस्त्रींनी वाकून टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले.

“ही कड मीच चिकटवलीय. दहाएक वर्षं झाली असतील. पापुद्रा सुटला होता. तुम्ही कामावर होता. वहिनी म्हणाल्या, ह्यांच्याजवळ बोलू नका. येईल त्याला टेबल ठोकून दाखवतात, उगाच हिरमोड होईल.”

मीटरकाका खुर्चीत बसले. खरंच, ते ठोकून दाखवायचे. ‘एका झाडाचं आहे, आवाज ऐका!’ ती तेव्हा नेमकी पाणी आणायला आत जायची. हसू दाबायलाच जात असणार.

त्यांनाही हसू आलं, पण लगेच ओसरलं. पोटात दुखायचं तेव्हाही ती असंच सांभाळून घ्यायची. ‘काही नाही हो, पित्त असेल.’ आठ महिने. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘इतक्या उशिरा का आणलंत?’ त्या दिवसापासून मीटरकाका तिच्यावर रागावलेले होते. गेलेल्या माणसावर कसं रागवायचं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

“मिस्त्री, तुमच्याजवळ आणखी काही बोलली होती का? तब्येतीचं वगैरे?”

“नाही हो. टेबलाचंच काय ते बोलणं झालं.”

“इथंच समोर बसायची. अर्धं ताट तसंच टाकायची.” मीटरकाका टेबलावरचा भुसा बोटानं गोळा करत राहिले. “मी थट्टा करायचो. म्हणायचो, ह्या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय?”

मिस्त्रींनी डबा खाली ठेवला. खाकरून म्हणाले, “तेवढ्या जागेत तुकडा बसवून देतो. रंग जुळवतो. कुणाला कळायचं नाही.”

“नको. कळू दे.”

मिस्त्रींनी मग आग्रह केला नाही. लाकडाच्या ठोकळ्याला बारीक पेपर गुंडाळून त्यांच्या हातात दिला, लाकडावरच्या रेषांच्या दिशेनं कसा फिरवायचा ते दाखवलं. “दाबायचं नाही. हाताचं वजन पुरे.”

चार दिवस मीटरकाका घासत होते. गरम भांड्यांची पांढरी वर्तुळं एकेक करून पुसट झाली. तिच्या बाजूची कड आली तेव्हा त्यांचा हात आपोआप हलका झाला. मग फडक्याच्या बोळ्यानं पॉलिशचे पातळ हात दिले. सगळं टेबल मधासारखं उजळलं. मधली तेवढी उघडी जागा पॉलिश पिऊन मळकट दिसत राहिली.

“दोन दिवस ह्याच्यावर काही ठेवू नका,” बघायला आलेल्या मिस्त्रींनी जाताना बजावलं.

दोन दिवस ते स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून जेवले. तिसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं. पॉलिश खडखडीत वाळलं होतं. त्यांनी ताट वाढून घेतलं, टेबलापर्यंत आणलं. समोरची तिची खुर्ची नीट आत सरकवून ठेवलेली होती. ते ताट घेऊन पुन्हा ओट्याकडे वळले आणि उभ्यानंच जेवले.