जानकूचा धडधाकट पाय

खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं आणि जानकू कडेला बसून पेंढ्या बांधत होता. एरवी तो एकटा दोघांचं काम उरकायचा. पण त्या उन्हाळ्यात हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन जुन्नरच्या रस्त्यानं निघाला असताना, नाणेघाट बघून परतणाऱ्या एका मोटारीनं त्याला मागून उडवलं. डाव्या पायात लोखंडी पट्टी बसली. गुडघ्याखाली पाय असा बधिर झाला की इंगळी डसली तरी कळायचं नाही. वकिलानं पुण्याच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला होता. "या पायानं आता शेतीचं काम होत नाही, एवढं कोर्टाला पटलं की झालं," असं तो म्हणाला होता. घरात नांगर धरणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त त्या भरपाईवरच होती.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक परका माणूस आमच्या घाटघर गावात आला. कडक इस्त्री, खिशाला पेन. वाटेत त्याला जानकूची शेजारीण सारजाबाई भेटली.

"जानकूचं घर कुठलं? माणूस कसा आहे? शेतात स्वतः राबतो का?"

असलं विचारणारा माणूस आमच्याकडे एकाच कामाला येतो. जानकूची मंगल लग्नाची होती आणि अजून एकही पाहुणा उंबऱ्याला आला नव्हता. पोरीला बघायला कुणी आलं की अख्ख्या गावानं त्या घराचं चांगलंच सांगायचं, ही आमची रीत. दुसऱ्याचं उणं बोललं तर उद्या आपल्या पोरी काय घरातच बसवायच्या?

"राबतो म्हंजी?" सारजाबाई म्हणाली. "भाताचं पोतं पाठीवर टाकून घाट चढतो. लई चिवट गडी."

"अपघात झाला होता ना?"

"आवं, खरचटलं व्हतं जरा. कवाच बरं झालं!"

आणि तिनं तिथूनच हाळी दिली, "चिमाबाई, पावणं आलं गं!"

चिमाबाई, म्हणजे जानकूची बायको, पोह्याला लागली. मंगल लुगडं बदलायला आत पळाली. जानकूनं खळ्यावरून येऊन टेकायची काठी कणगीमागं सारली आणि भिंत धरत धरत पडवीतल्या बाजेवर येऊन बसला.

"पाय कसा आहे?" पाहुण्यानं पोहे खाता खाता विचारलं.

जानकूनं बायकोकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच दटावलं.

"बरा हाय की पावणं. कायबी तरास न्हाई."

"एक फोटो काढू?"

मुलाकडच्यांना दाखवायला हवा असेल, म्हणून चिमाबाईनं मंगललाही शेजारी उभं केलं. जानकू छाती काढून, काठीशिवाय उभा राहिला. मग रीतीप्रमाणे पाहुण्याला पार रस्त्यापर्यंत पोचवून आला.

कोर्टात तारीख लागली तेव्हा तो पाहुणा मोटारीच्या विमा कंपनीच्या वकिलामागं उभा होता. दवाखान्याचे कागद फोटोपुढं फिके पडले.

"काठीशिवाय उभे आहात ते तुम्हीच ना?" जजसाहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब."

"मग पाय बरा आहे असं का सांगितलंत?"

भरल्या कोर्टात पोरीच्या लग्नाचा विषय कसा काढायचा? जानकू खाली बघत म्हणाला, "पावणं व्हतं, साहेब."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. औषधपाण्यापुरता खर्च मिळाला. हातचं काम गेलं त्याचं काही मिळालं नाही. सारजाबाईनं ऐकलं तेव्हा कपाळ बडवून घेतलं आणि जानकूपुढं येऊन रडली. जानकूला राग आला नाही, रडूही आलं नाही. तो पेंढ्या बांधत राहिला. मला वाटतं, पायातला बधिरपणा तेव्हाच वर छातीपर्यंत चढला होता.

माघात आंबेगावकडचा कुशाबा खराखुरा पाहुणा म्हणून आला, आपल्या पोरासाठी मंगलला बघायला. पोरगी त्याला आवडली. चहा झाल्यावर घसा खाकरून म्हणाला, "पायाचं कायतरी कानावर आलंय. राग मानू नका, पण उद्या सासऱ्याचा भार आमच्या पोरावर नको."

सारजाबाई दारातच उभी होती. पण एकदा तोंड पोळल्यामुळे ती आता चकार शब्द बोलेना.

जानकू शांतपणे म्हणाला, "कोर्टात निकाल लागलाय. पाय धडधाकट हाय."

"कोर्टानंच सांगितलं म्हंजी मग काय राव, इशयच मिटला," कुशाबा म्हणाला आणि तिथंच सुपारी फुटली.

निघताना जानकू त्याला पोचवायला उठला. काठी कणगीमागंच राहिली. रस्त्यापर्यंत तो ताठ चालत गेला आणि पाहुणा वळणाआड झाल्यावर मटकन खाली बसला. चिमाबाई काठी घेऊन धावत आली. बघते तर डाव्या टाचेत बाभळीचा काटा खोल रुतलेला आणि वहाण रक्तानं भिजलेली. तिनं दातांनी काटा उपसला.

"लई दुखतंय का वो?"

"न्हाई," जानकू म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.