चौदा पानं

प्रिंटर या वस्तूवर माझा राग आहे आणि तो जन्मभर जायचा नाही.

माझा धंदा नेटवर्क जोडण्याचा. बाबांनी ज्या कंपनीत सव्वीस वर्षं कागद वाहिले, तिथलंच काम नेमकं माझ्या वाट्याला आलं. ऑफिस एका टोकाला, गोदाम दुसऱ्या. ऑफिसात चलनं छापायची, बाबांनी ती पिशवीत घालून स्कूटरवरून गोदामात पोचवायची, तेव्हा कुठे माल हलायचा. आता व्हीपीएन टाकायचं होतं, म्हणजे इंटरनेटवरूनच दोन जागांमधला खाजगी रस्ता. इथे बटण दाबलं की चलन थेट गोदामातल्या प्रिंटरवर. मालक म्हणाले, "हे जमलं की तुझ्या बाबांना कायमची सुट्टी. दमलेत बिचारे."

बिचारे म्हणे! आई गेल्यापासून बाबा त्या फेऱ्यांवरच तग धरून होते. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "नाही म्हणून टाकू का?"

"तू नाही तर दुसरा कुणी करेल," ते म्हणाले आणि ताटावर बसले. जेवले मात्र अर्धंच.

सकाळी मालक माझ्या खुर्चीमागे उभे. गोदामातला कारकून रजेवर, म्हणून तिकडे बाबा. माझ्याकडे फोन स्पीकरवर; गोदामात फोन बाहेरच्या टेबलावर, प्रिंटर आतल्या खोलीत. दरवेळी ते आत जाऊन बघून यायचे.

"बाबा, पाठवलं. आलं का?"

"नाही गं."

सेटिंग पुन्हा केलं. प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. "आता?"

"काहीच नाही."

दोन तास गेले. "तुला येतं ना हे नक्की?" मालकांनी विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग सुचलं. आधीच सुचायला हवं होतं, मेलं डोकं चाललं नाही. गोदामातल्या प्रिंटरची माहिती इथून उघडता येते: शाई किती उरली, आजवर पानं किती छापली. सकाळचा आकडा मी टिपून ठेवला होता. तो चौदाने वाढला होता. मी चौदाच वेळा पाठवलं होतं.

मी आकडा पुन्हा वाचला. लहानपणी रस्त्यात सापडलेलं पेन घरी आणलं, तर याच माणसाने मला दारोदार फिरवून ते परत करायला लावलं होतं. मालकांना दिसायच्या आत मी ती माहिती बंद केली.

"नसेल होत तर राहू दे," मालक म्हणाले. "जुनंच बरं."

नुसती मान हलवायची होती. पण उद्या ते दुसऱ्याला बोलावणार, तोही हाच आकडा बघणार, आणि सव्वीस वर्षं इथे राबलेल्या माणसाला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणणार. ते मला सोसलं नसतं.

"शेवटचं एकदा बघते," मी म्हटलं. मालक पाणी प्यायला वळले तेवढ्यात टाईप केलं: ‘बाबा, किती पानं निघाली ते मला इथे दिसतं. मालकांना बोलले नाही. तुम्हीच सांगा.’ आणि चलनाऐवजी तेच गोदामातल्या प्रिंटरवर पाठवलं.

बाबा आत गेले. या वेळी फार वेळ लागला. मग फोनपाशी पावलं वाजली.

"आलं गं पोरी."

मालक ग्लास घेऊनच धावले. "आलं? कसं आलंय? वाचता येतंय का?"

"येतंय मालक," बाबा म्हणाले. "सगळं वाचता येतंय."