इकडे तोंड करून बोला

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सभेत टेबलावर मिरवणारा, 'हॅलो, हॅलो' ऐकण्यात आयुष्य घालवणारा तो माईक मी नव्हे. मी काडेपेटीएवढा, काळा, बिनतारी, दोरीने गळ्यात अडकवायचा. माझ्यात बोललेलं सगळ्या वर्गाला ऐकू जात नाही. ते एकाच मुलीच्या कानात जातं. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गोड बोलतात आणि शेवटी डोळे पुसतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका लांबट, थंड खोलीत झाला. पांढरे डगले घातलेल्या बायका भिंगातून बघत केसासारख्या बारीक तारा जोडत होत्या. मी तयार झाल्यावर एकीने मला तोंडाशी धरून हळूच विचारलं, "ऐकू येतंय का?" खोलीच्या दुसऱ्या टोकाला कानात यंत्र घालून बसलेल्या बाईने हात वर केला. तेवढं झालं की मी पास. तो वर झालेला हात बघण्यासाठीच आपल्याला बनवलंय, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे मी एका प्राथमिक शाळेत आलो. साधी शाळा, सगळ्या मुलांची. तिथे ऐकू कमी येणारी ती एकटीच होती. तिचं घरचं नाव टकळी. घरी तिची बडबड थांबत नसे म्हणून बापाने ठेवलेलं. शाळेच्या फाटकात मात्र ही टकळी बंद पडायची. तिच्या दोन्ही कानांत यंत्रं होती, पण भरलेल्या वर्गात ती यंत्रं सगळंच मोठं करून ऐकवत. बाकांची खरखर, पंख्याची घरघर, खिडकीखालची रहदारी, आणि त्या गलक्यात बाईंचा आवाज कुठेतरी बुडालेला. तिची आई लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची. त्या बाईने कामावर खाडे करून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे मी मिळालो. मी काही कुणी आनंदाने दिलेली भेट नव्हतो.

अशा मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक शिक्षिका होत्या. मुलं त्यांना फिरत्या बाई म्हणत. त्यांनी दुसरीच्या बाईंना मला कसं वापरायचं ते दाखवलं. हनुवटीच्या खाली वीतभर लटकवायचा, म्हणजे आवाज थेट तिच्या कानांतल्या यंत्रांत जातो. हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. "आणि वर्गाबाहेर जाताना आठवणीने बंद करा," त्या दोनदा म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी दुसरीच्या बाई फळ्याकडे वळल्या आणि नेहमीप्रमाणे लिहिता लिहिता बोलू लागल्या. टकळीने हात वर केला.

"बाई, तुम्ही फळ्याकडे तोंड केल्यावर पण बोलता?"

वर्ग खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही. आजवर त्या फळ्याकडे वळल्या की या मुलीला वाटायचं, बाई गप्प झाल्या. तिने ओठ बघून जेवढं वेचलं होतं तेवढीच तिची शाळा होती. उरलेली शाळा फळ्याने ऐकली होती.

त्या वर्षी तिला काय काय सापडलं म्हणून सांगू! 'पाऊस' या शब्दाला शेवटी 'स' असतो, हे तिला तेव्हा कळलं. तोवर तिच्या आभाळातून नुसता 'पाऊ' पडायचा. 'स' आणि 'श' हे फार बारीक आवाज. ते कधी कानी पडलेच नव्हते, म्हणून ती त्यांच्या जागी 'त' म्हणायची. 'सर' म्हणायचं तर 'तर', 'साबण' म्हणायचं तर 'ताबण'. माझ्यातून ते आवाज ऐकून तिने ते घोटून घोटून जिभेवर बसवले. वर्गात कुणाला उत्तर द्यायचं असलं तर मी हातोहात त्याच्याकडे जायचो आणि एका वेळी एकानेच बोलायचं. हा नियम माझ्यामुळे आला, आणि ज्यांचे कान धडधाकट होते त्यांनाही पहिल्यांदाच धड ऐकू आलं.

कौतुकही झालं. पाहुणे आले की मुख्याध्यापिका, म्हणजे मुलांच्या मोठ्या बाई, मला तळहातावर घेऊन दाखवायच्या. "आमच्या शाळेत सर्व सोयी आहेत," म्हणायच्या. सोय हा त्यांचा लाडका शब्द. तो नीट लक्षात ठेवा.

मग टकळी तिसरीत गेली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. तिसरीच्या बाई म्हणाल्या, "माझा आवाज खणखणीत आहे. शेवटच्या बाकापर्यंत जातो. मला कशाला माईक?" झालं. मी खणात जाऊन पडलो, खडूच्या तुकड्यांत आणि मुलांकडून जप्त केलेल्या गोट्यांत. मला सांगा, चष्मेवाल्या मुलाला कुणी म्हणतं का, मी अक्षर मोठं काढते, तू चष्मा काढून ठेव? मग कानांनीच कुणाचं काय घोडं मारलंय? ओरडून बोललेलं स्पष्ट होत नाही, नुसतं मोठं होतं. ही गोष्ट मला कळते, एका यंत्राला, आणि शिकलेल्या माणसांना कळत नाही, याचा मला संताप येतो. वर्ग मोठा होता, बाईंना काम फार होतं, सगळं कबूल. पण मला गळ्यात घालायला पोतं उचलण्याएवढी ताकद लागत नाही.

"समजलं का?" असं बाई तिला विचारायच्या. ती मान डोलवायची. मित्रांनो, न समजलेलं मूल सगळ्यात पटकन मान डोलवतं. 'नाही' म्हटलं की सगळा वर्ग मागे वळून बघतो ना, म्हणून. ती मागे पडत गेली, आणि बाई म्हणू लागल्या की तिचं लक्षच नसतं. फिरत्या बाई अधूनमधून यायच्या, मला खणातून काढून सगळ्यांना कानपिचक्या द्यायच्या. त्या आठवड्यात मी गळ्यात असायचो. त्यांची पाठ फिरली की पुन्हा खण. पालथ्या घड्यावर पाणी.

अशाच एका आठवड्यात ती गोष्ट घडली. मधली सुट्टी झाली आणि तिसरीच्या बाई मला गळ्यात घालूनच शिक्षकांच्या खोलीत गेल्या. हिरवा दिवा चालू होता. सवय नसलेलं माणूस विसरतंच. ती खोली वर्गाच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीचं मला काही वाटत नाही. पलीकडे टकळी बाकावर बसून डबा खात होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या मुलीच्या आईला उद्या बोलावलंय. दाखला काढून घ्यायला सांगू. तिची सोय होईल अशी दुसरी शाळा बघा म्हणावं."

दाखला काढणं म्हणजे ही शाळा सोडणं. तिचे मित्र इथे, तिचा 'स' इथे सापडलेला.

"पोरगी गुणी आहे हो," तिसरीच्या बाई म्हणाल्या. "पण एवढ्या पोरांत एकटीच्या मागे किती लागू मी?"

तेवढ्यात गणिताच्या सरांना विनोद सुचला. त्यांनी तिची नक्कल केली. "तर, मला तमजलं नाही." सगळे हसले. तिसरीच्या बाईही हसल्या. मी त्यांच्याच छातीवर होतो. त्यामुळे माझ्यातून सगळ्यात मोठं गेलं ते त्यांचं हसू.

कुणीतरी म्हणालं, हळू बोला, ती पलीकडेच बसलीय. मोठ्या बाई म्हणाल्या, "असू दे. तिला काय ऐकू जातंय."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते मिटून घ्यायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही. जे पडेल ते पोचवायचं, एवढंच मला येतं. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीचे कान आठ वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात पोळीचा घास होता.

टकळीने कानांतली यंत्रं काढली, डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. सुट्टीनंतर माझ्यातून शब्द जात राहिले आणि डब्यात पडत राहिले. बाई म्हणाल्या, बघा, आज पण लक्ष नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली. मोठ्या बाईंच्या खोलीत तिसरीच्या बाई उभ्या होत्या. आईला दिसावं म्हणून मला पुसून गळ्यात घातलं होतं. टकळी आईला चिकटून बसली होती. यंत्रं कानांत होती. मोठ्या बाईंच्या बोलण्यात साखर होती. इथे तिची फार गैरसोय होते, आम्हालाच वाईट वाटतं, तिच्या भल्यासाठीच सांगतोय, असं बरंच झालं. आई ऐकत होती. इस्त्रीचे चटके बसलेली तिची बोटं मांडीवर एकमेकांत गुंतली होती. शेवटी ती दबल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर, जिथं तिला बरं वाटेल तिथं..."

"आई, थांब," टकळी म्हणाली. "हे सगळं काल पण झालंय. मी ऐकलंय."

आणि शाळेच्या फाटकात बंद पडणारी ती टकळी चालू झाली. कोण काय म्हणालं ते तिने एकापाठोपाठ एक सांगितलं. दाखल्याचं सांगितलं, एकटीच्या मागे किती लागू ते सांगितलं. मग म्हणाली, "'तर, मला तमजलं नाही', असं सर म्हणाले. मग बाई हसल्या. मग तुम्ही म्हणालात, तिला काय ऐकू जातंय."

'सर' म्हणाली ती. स्वच्छ 'स'. ज्या बोबडेपणाची नक्कल झाली तो तिने केव्हाच मागे टाकला होता, आणि त्या खोलीतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. कारण तिचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं. बहिरं कोण, ते तुम्हीच ठरवा.

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, "मोठ्यांचं बोलणं चोरून ऐकतेस? हेच शिकवलं का घरी?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "चोरून? तिला ऐकू यावं म्हणूनच हा माईक आणला मी. तो गळ्यात घालून बोललात तुम्ही. आणि तिनं ऐकलं तर ती चोर?" तिने मुलीचा हात धरला. "दाखला मी काढणार नाही. कुणाच्या सोयीसाठी काढायचा होता, ते समजलं मला."

टकळी शाळेत राहिली. मला मात्र कार्यालयाच्या कपाटात कुलपात घातलं. कारण काय, तर माझा गैरवापर होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. शेजारी धुळीने भरलेले करंडक होते आणि एक मोडकी घंटा होती. आम्ही सगळेच एकेकाळी शाळेची शान होतो. दार बंद असलं तरी बाहेरचं ऐकू यायचं. रोज सकाळी प्रार्थनेआधी पायांचा आवाज यायचा आणि टकळी कारकुनाला म्हणायची, "माझा माईक." तो म्हणायचा, मोठ्या बाई आल्या की बघू. ती जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "माझा माईक." त्यात रडणं नव्हतं की विनवणी नव्हती. आपली वस्तू मागताना माणूस कसा बोलतो, तशी ती बोलायची. जे तिच्या हक्काचं होतं ते तिला रोज भिकेसारखं मागायला लावलं. आठवलं की अजूनही माझ्या तारा तापतात.

एका सकाळी ती मागून गेली आणि थोड्या वेळाने कुलूप उघडलं. समोर तिसरीच्या बाई होत्या. "अहो, मोठ्या बाईंना विचारलंत का?" असं कारकून म्हणत होता. बाईंनी मला गळ्यात घातलं आणि त्या वर्गात आल्या. मुलं वह्या काढत होती, गलका चालला होता. बाईंनी हिरवा दिवा लावला, फळ्याकडे वळल्या, खडू टेकवला, पण लिहिलं काहीच नाही.

"चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. "मी हसायला नको होतं."

वर्गात कुणालाही ते ऐकू गेलं नाही. टकळीने हात वर केला. पण बाईंची पाठ होती, त्यांना तो दिसणार कसा? मग ती उभी राहिली.

"बाई, ऐकू आलं. पण इकडे तोंड करून बोला."

गलका थांबला. बाईंना वळायला बराच वेळ लागला. वळल्यावर त्या मान वर करून, तिच्याकडे बघत, सगळ्या वर्गासमोर तेच पुन्हा बोलल्या. टकळीने मान डोलवली. या वेळी तिला खरंच समजलं होतं.

तेव्हापासून मी रोज गळ्यात असतो. माझी दोरी विरलीय, कोपरा उडालाय. पण माझा राग गेला असं समजू नका. मोठ्या बाई आजवर माफीचा एक शब्द बोललेल्या नाहीत. पाहुणे आले की मला अजूनही तळहातावर घेतात आणि सर्व सोयी आहेत म्हणतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नाही जपलंत तरी चालेल, माझ्यासारखा दुसरा बनवता येतो. पण तुमच्या वर्गात कुणी कमी ऐकणारं, अडखळत वाचणारं, उशिरा समजणारं असेल, तर त्याच्याकडे तोंड करून बोला. आणि ते समोर नसताना त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली, तर मी तुमच्या गळ्यात आहे आणि हिरवा दिवा चालू आहे, असं समजून बोला.